भ्रमणध्वनीची जकात : सीमाभागातील ‘रोमिंग’चा इतिहास

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा, सुळगा आणि उचगावचा फाटा मागे पडतो. पुढे बाची लागते आणि बाचीनंतर शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. दोन्हीकडची माती एक, भातशेती एक, सोयरीक एक आणि बोलीही एकच. फलकांवरची लिपी तेवढी बदलते. परंतु नव्या शतकाची पहिली दीड दशके या हद्दीला आणखी एक खूण होती. ती डोळ्यांना दिसत नसे, खिशात जाणवत असे. भ्रमणध्वनी थरथरे, पडद्यावर दुसऱ्या राज्यात स्वागत करणारा इंग्रजी निरोप उमटे आणि त्या क्षणापासून बोलण्याचा, ऐकण्याचा व पुढे पुढे नुसते काही वाचण्याचाही दर बदलून जाई.

‘रोमिंग’ हा शब्द आज देशांतर्गत व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. शेजारच्या तालुक्यातील मामाचा फोन आला तरी ऐकणाऱ्याला पैसे पडत, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगितले तर त्याला ते खरे वाटत नाही. म्हणूनच हा विषय विस्मरणात जाण्यापूर्वी त्याचा इतिहास मांडावा असे आम्हांस वाटले. सीमाप्रश्नाचा इतिहास आपण आयोग, सत्याग्रह, हुतात्मे आणि न्यायालय यांच्या अनुषंगाने लिहितो, आणि तो तसा लिहिलाच पाहिजे. पण सीमा ही घरखर्चाच्या वहीतही उमटलेली असते. तिथली नोंद कोणी जपून ठेवत नाही.

शब्दापासून सुरुवात

मराठीने मोबाईलला ‘भ्रमणध्वनी’ असे नाव दिले. हिंडता फिरता बोलता येणारे यंत्र, हा त्यातला अर्थ. गंमत अशी की भ्रमण हाच ज्याचा गुण, त्याच यंत्रावर भ्रमणाबद्दल आकार लावण्यात आला. इंग्रजी ‘रोमिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ भटकणे असा आहे. बाचीचा शेतकरी शिनोळीच्या बाजूच्या आपल्या शेतात गेला, चंदगडची बाई बेळगावच्या दवाखान्यात आली, निपाणीचा व्यापारी कागलला गेला, तर ही माणसे भटकत नव्हती. ती आपापल्या नेहमीच्या कामाला निघाली होती. कंपनीच्या हिशेबात मात्र ती ‘भटकी’ ठरत.

आपल्या लोकांनी या शब्दाला जोडलेले क्रियापदही लक्षात घेण्यासारखे आहे. कोणी ‘रोमिंग केले’ असे म्हणत नसे. ‘रोमिंग लागलं’ असेच सर्वजण म्हणत. मराठीत कर लागतो, जकात लागते, दंड लागतो, दृष्टही लागते. आपण काही न करता जे येऊन चिकटते त्याला ‘लागणे’ म्हणतात. एका साध्या क्रियापदात लोकांनी त्या आकाराचे खरे स्वरूप ओळखले होते.

जकातीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इथे त्याला मालावरच्या कराचा अर्थ मिळाला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जकातीचे निरनिराळे प्रकार आढळतात. माल जिथे भरला जाई तिथे द्यावयाची ती थळभरीत आणि माल जिथे उतरून विकला जाई तिथे द्यावयाची ती थळमोड. वाटेतल्या नाक्यांवरची वाटजकात आणखी निराळी. रोमिंगच्या दरपत्रकाकडे या शब्दांतून पाहिले तर ते लगेच उलगडते. आपण केलेल्या कॉलचा आकार ही थळभरीत, आलेल्या कॉलचा आकार ही थळमोड, आणि त्या दोहोंच्या मागे एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात आवाज वाहून नेण्याची वाटजकात. मुंबई इलाख्यातील अंतर्गत वाटजकात इंग्रजी अमदानीत १८३०च्या दशकातच उठविण्यात आली होती. माणसाच्या आवाजावर ती दीडशेहून अधिक वर्षांनी परत बसली.

टपाल आणि तार यांनी न विचारलेला प्रश्न

दळणवळणाला प्रदेशाची हद्द विचारण्याची ही पद्धत किती नवी होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५४ साली हिंदुस्थानात टपालाचा एकसमान दर सुरू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा. पत्र धारवाडास जावो वा कलकत्त्यास, अंतराचा प्रश्न उरला नाही. सामान्य माणसाच्या हाती आलेले ते पहिले सीमाविरहित साधन होते.

अपवाद होता तो संस्थानांचा. आमच्या इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथील वाचकांच्या घरी पणजोबांची जुनी पत्रे असतील तर त्यांवरची तिकिटे त्यांनी जरूर पाहावीत. हैदराबादच्या निजामाने १८६९ साली आणि इंदूरच्या होळकरांनी १८८६ साली स्वतःची तिकिटे काढली. ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. इंदूरच्या मराठी कुटुंबाने पुण्याला पत्र धाडायचे तर होळकरी तिकिटाला किंमत नसे, त्यास सरकारी तिकीटच लावावे लागे. ग्वाल्हेरने वेगळी वाट धरली. शिंदे सरकारने १८८५ साली ब्रिटिश टपालखात्याशी करार केला व ‘ग्वाल्हेर’ असा छाप मारलेली तिकिटे हद्दीबाहेरही ग्राह्य धरली जाऊ लागली. बडोद्याने स्वतःची तिकिटे काढलीच नाहीत. म्हणजे एकाच काळात, एकाच भाषेच्या चार केंद्रांत, घरी पत्र लिहिण्याची सोय तिथल्या सत्तेच्या करारावर अवलंबून होती.

गोव्याच्या वाचकांना कॅसलरॉक ठाऊक असेलच. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांच्या हद्दीवरचे ते रेल्वेस्थानक. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्ही मुलखांमधली जकात काही काळ उठली, मुरगावच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. तो तह १८९२ मध्ये संपला आणि जकातीची तपासणी परत आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ती हद्द आंतरराष्ट्रीय होती. या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात येते. नकाशावरची रेषा जागची हलत नाही, तरीही करारामुळे तिचा त्रास जातो आणि करार संपला की तो परत येतो. या गोष्टीकडे आपल्याला लेखाच्या शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच संस्थानी टपाल बंद झाले आणि देशाचे टपाल एक झाले. दूरध्वनीचे दर मूलतः अंतरावर ठरत. ट्रंक कॉलसाठी ऑपरेटरकडे नोंद करून तासन् तास वाट पाहावी लागे. १९६० साली कानपूर-लखनौ या मार्गावर पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि पुढील दशकांत ती गावोगाव पोहोचली. बेळगावला ०८३१, गोव्याला ०८३२, कोल्हापूरला ०२३१. बेळगाव आणि गोवा यांचे क्रमांक असे पाठीला पाठ लावून आले होते. दर महाग होते हे खरे, पण मोजला जाई तो किलोमीटर. ‘तू कोणत्या राज्याचा?’ हा प्रश्न पोस्टाने विचारला नाही, तारेने विचारला नाही, दूरध्वनीच्या खांबांनीही विचारला नाही. प्रजासत्ताकात तो प्रथम विचारला भ्रमणध्वनीने.

१९५६ची रेषा आणि दूरसंचारचे ‘सर्कल’

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली. मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, मात्र त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला व कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडची बाजारपेठ बेळगावच राहिली. हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, तर बिदरचा प्रदेश म्हैसूरकडे गेला. तेव्हापासूनचा लढा, महाजन आयोग, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सर्व आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही.

१९९४ साली राष्ट्रीय दूरसंचार धोरण आले आणि भ्रमणध्वनीचे परवाने देण्याचे ठरले. प्रथम चार महानगरे आणि त्यापाठोपाठ उर्वरित देश. त्यासाठी देशाचे तुकडे कसे पाडायचे? दूरसंचार खात्याची प्रशासकीय ‘सर्कले’ पूर्वीपासून होती व ती बहुतांशी राज्यांच्या हद्दींवर बेतलेली होती. खात्याच्या सोयीची ही विभागणीच परवान्यांचा पाया ठरली. कर्नाटक हे एक सर्कल. महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे, मुंबई मात्र वेगळी. मध्यप्रदेश, गुजरात, आंध्रप्रदेश ही आणखी. पुढे चेन्नई तमिळनाडूत मिळवल्यानंतर ही परवाना क्षेत्रे २२ झाली. प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळा परवाना, वेगळे शुल्क, वेगळे जाळे. नाव एकच असले तरी कंपनीच्या प्रत्येक सर्कलच्या जाळ्याला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असे आणि तुमच्या सिमकार्डाला तो क्रमांक ‘घर’ म्हणून माहीत असे.

या विभागणीत आपल्या दृष्टीने एक विलक्षण विसंगती होती. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन न होता वेगळा राहिला. दूरसंचारच्या नकाशात मात्र तो महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये आला. त्यामुळे सावंतवाडीचा माणूस पणजीत गेला तर तो घरीच होता, आणि बेळगावचा माणूस चोर्ला घाटाने त्याच पणजीत उतरला तर त्याला रोमिंग लागे. छत्तीसगड २००० साली वेगळे राज्य झाले, तरी परवाना क्षेत्र मध्यप्रदेशचेच राहिले. २०१४ मध्ये तेलंगण झाले, तरी हैदराबाद आणि विजयवाडा एकाच क्षेत्रात राहिले. याचा अर्थ सर्कल आणि राज्य एकच असले पाहिजे असा काही दंडक नव्हता. प्रशासनाला सोयीचे वाटेल तिथे सर्कल राज्याची हद्द ओलांडत असे. सीमाभागाची सोय मात्र कोणी विचारात घेतली नाही.

क्रमांकांनाही ओळख चिकटली. ९८२२ वा ९४२२ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्राचा, ९८४५ वा ९४४८ने सुरू होणारा कर्नाटकाचा, हे लोक पाठ करून होते. दुसऱ्या सर्कलमधल्या क्रमांकाआधी शून्य लावावे लागे. कोल्हापूरच्या नातलगाने आपला क्रमांक शून्य लावून साठवला आहे, हे बेळगावच्या माणसाच्या लक्षात येई आणि कुठे तरी खटके. सीमाभागातील अनेकांनी दोन सिमकार्डे बाळगली. एक घरचे, एक ‘तिकडचे’. दोन सिमांचा फोन बाजारात येण्यापूर्वी कार्ड काढून घालण्याचा खटाटोप एसटीत बसल्या बसल्या चाले. हद्दीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरे.

ऐकण्याचे पैसे

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला. त्या आरंभीच्या काळात गर्दीच्या वेळी मिनिटाला कमाल १६ रुपये ८० पैसे आकारण्याची मुभा होती, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून ‘करील तो भरील’ हे तत्त्व लागू झाले व येणारे कॉल मोफत झाले. फोन खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या हाती आला तो त्यानंतर.

पण ही मोफत सवलत होती ती ‘घरच्या’ सर्कलपुरतीच. रोमिंगमध्ये ऐकण्याचे पैसे चालूच राहिले. याचे तांत्रिक कारण असे की, दुसऱ्या सर्कलमध्ये गेलेल्या माणसाला फोन केला तर तो आधी त्याच्या घरच्या सर्कलच्या यंत्रणेकडे जाई व तेथून लांब पल्ल्याच्या वाहिनीने दुसऱ्या सर्कलमध्ये पाठवला जाई. हा दुसरा प्रवास ज्याच्यासाठी झाला त्याने, म्हणजे ऐकणाऱ्याने, भरायचा. बेळगावच्या मुलाने शिनोळीला गेलेल्या वडिलांना फोन केला तर प्रत्यक्ष अंतर पंधरा-वीस किलोमीटरचे. तो आवाज मात्र दोन राज्यांच्या यंत्रणांना वळसा घालून येई आणि वळशाचे पैसे वडील भरत.

१ मार्च २००६ पासून सरकारी दूरसंचार कंपन्यांनी देशभर कोठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली. दूरध्वनीतून अंतर हद्दपार होऊ लागले होते. रोमिंगला मात्र अंतराशी कर्तव्य नव्हते, त्याला हद्दीशी होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, १५ फेब्रुवारी २००७ पासून रोमिंगचे मासिक भाडे बंद केले आणि कमाल दर ठरवून दिले. स्थानिक कॉलला मिनिटास १ रुपया ४० पैसे, बाहेरगावी २ रुपये ४० पैसे आणि येणाऱ्या कॉलला १ रुपया ७५ पैसे. येणारा कॉल स्थानिक जाणाऱ्या कॉलपेक्षा महाग होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. म्हणून सीमाभागात ‘मिस्ड कॉल’ ही एक भाषाच झाली. एक घंटा म्हणजे पोहोचलो, दोन घंटा म्हणजे निघालो, आणि उचलायचा नाही हे दोघांनाही ठाऊक.

माहितीची जकात

आवाजाच्या आकाराचा निदान अंदाज तरी येई. फोन वाजला की माणूस विचार करी, घड्याळाकडे पाहून बोले. इंटरनेटची गोष्ट वेगळी होती. ‘डेटा’ न वाजता वापरला जातो. फोन खिशात असताना ईमेल येतात, ॲप अद्ययावत होतात, छायाचित्रे आपोआप उतरतात. त्या काळी पॅक नसेल तर १० किलोबाइटला १० पैसे हा दर सर्रास असे. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हिशेब केला तर एका मेगाबाइटला १० रुपये २४ पैसे होतात. दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र उतरले तर वीस रुपयांहून अधिक गेले. आपण घेतलेला पॅक घरच्या सर्कलपुरता असे, हद्द ओलांडली की हा उघडा दर लागे. २०१० साली थ्रीजी लहरींचा लिलावही सर्कलवारच झाला आणि एकाही खासगी कंपनीला सर्व २२ क्षेत्रे मिळाली नाहीत. त्यामुळे एकाच कंपनीचा ग्राहक हद्दीच्या एका बाजूस वेगवान आणि दुसऱ्या बाजूस मंद होई.

याहून मोठी अडचण सीमेवरच्या गावांची होती. रेडिओलहरींना राज्य कळत नाही. जीएसएम तंत्रात टॉवरची पोहोच तत्त्वतः सुमारे ३५ किलोमीटरपर्यंत असू शकते. सपाट माळावर, उंचावरच्या घरात, पावसाळ्यात वीज जाऊन जवळचा टॉवर बंद पडला असताना पलीकडचा टॉवर फोनला सहज गवसे. आणि एकदा गवसला की फोन तो लगेच सोडत नसे. मूळ जाळ्याचा शोध फोन सतत घेत राहत नाही, ठरावीक अंतराने घेतो. ते अंतर सिमकार्डावर सहा मिनिटांच्या पटीत नोंदलेले असते व तशी नोंद नसेल तर ते एक तासाचे धरले जाते. म्हणजे घरचा टॉवर परत सुरू झाला तरी पुढचा काही काळ फोन परराज्यातच राही. घरच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला रोमिंग लागे ते असे.

आमच्याच घरातले उदाहरण देतो. २०१२च्या पावसाळ्यात हद्दीलगतच्या एका गावी आमच्या आत्याकडे बारसे होते. गाव कर्नाटकातले, आमचे सिमकार्डही कर्नाटकातले. दोन दिवस संततधार पाऊस, वीज नाही. बारशाची छायाचित्रे बडोद्याच्या आणि इंदूरच्या नातलगांना पाठविण्याची सर्वांना हौस. आम्ही हद्द ओलांडली नव्हती. महिनाअखेर आलेल्या बिलात मात्र त्या दोन दिवसांपुढे ‘रोमिंग डेटा’ असे लिहिले होते, आणि तेवढीच रक्कम बाकीच्या संपूर्ण महिन्याच्या बिलापेक्षा अधिक होती. ग्राहकसेवेला फोन लावला तेव्हा कन्नड, इंग्रजी व हिंदी असे तीन पर्याय मिळाले. आत्याचे यजमान हट्टाने मराठीतच बोलले. पलीकडच्या मुलीला बहुधा मराठी समजत असावे, कारण तिने हिंदीतून अचूक उत्तर दिले : ‘तुम्ही महाराष्ट्रात होता, सर.’ ते हसले व म्हणाले, ‘बाई, छपन्न सालापासून आम्ही हेच तर सांगतोय!’

घरात तो विनोद अजून सांगितला जातो. परंतु ज्यांचे प्रीपेड कार्ड रिकामे होऊन ऐन वेळी फोन बंद पडला, त्यांना विनोद सुचला नसेल. हद्दीजवळच्या गावात ऑनलाइन अर्ज भरताना शिल्लक संपलेला विद्यार्थी, दवाखान्यातून घरी निरोप देता न आलेला सोबती, अशा कितीतरी कहाण्या आमच्या कानी आल्या आहेत. ही तक्रार केवळ मराठी माणसाची नव्हती, हेही स्वच्छपणे नमूद केले पाहिजे. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड भाषिक शेतकऱ्यालाही पलीकडच्या टॉवरने असेच गाठले असणार. नवापूरचे रेल्वेस्थानक महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत विभागलेले आहे. तिथे फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या प्रवाशाचा फोन कोणत्या राज्यात असेल, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

नाका कसा उठला

२०१२च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात देशभर मोफत रोमिंगचे उद्दिष्ट लिहिले गेले. १ जुलै २०१३ पासून ट्रायने कमाल दर पुन्हा उतरवले. स्थानिक कॉल १ रुपया, बाहेरगावी दीड रुपया, येणारा कॉल ७५ पैसे. १ मे २०१५ पासून ते अनुक्रमे ८० पैसे, १ रुपया १५ पैसे आणि ४५ पैसे झाले. १५ जून २०१५ पासून सरकारी कंपनी बीएसएनएलने रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. त्याच वर्षी ३ जुलैपासून आपला क्रमांक तोच ठेवून देशभर कोठेही सर्कल बदलता येऊ लागले, आणि क्रमांकाला चिकटलेले राज्य हळूहळू सुटू लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली ती देशांतर्गत रोमिंग आकाराविनाच. स्पर्धेच्या रेट्याने २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही तो आकार सोडला. योगायोग असा की त्याच वर्षी, १५ जून २०१७ पासून, युरोपीय संघातील सार्वभौम देशांनीही आपसांतला रोमिंग आकार रद्द केला.

या साऱ्या घटनाक्रमात राज्याची रेषा तसूभरही हलली नाही. सर्वोच्च न्यायालयातील दावा निकालात निघाला नाही. परवाना क्षेत्रेसुद्धा तीच २२ राहिली. तरी बाचीचा माणूस शिनोळीत गेल्यावर त्याला पैसे पडेनासे झाले. दर आणि हद्द यांची गाठ सोडवण्यात आली, एवढेच. १८७८च्या तहाने कॅसलरॉकला जे काही वर्षे घडले, आणि १८८५च्या कराराने ग्वाल्हेरच्या टपालाला जे लाभले, त्याच जातीची ही गोष्ट होय. सीमाप्रश्नाच्या अंतिम निकालाची मागणी आपण सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. परंतु निकाल लागेपर्यंत सीमेचा रोजचा भार कमी करता येत नाही, असे जे आपल्याला वारंवार सांगितले जाते, ते खरे नाही, हे रोमिंगच्या इतिहासाने सिद्ध केले आहे.

भाषेला अजून रोमिंग लागते

पैशांचा नाका उठला. भाषेचा उठलेला नाही. कॉलचा दर आता ग्राहकाबरोबर फिरतो, परंतु सेवेची भाषा अद्याप सर्कलला बांधलेली आहे. आमच्या कार्डांवर येणारे ध्वनिमुद्रित निरोप, योजनांची माहिती, ग्राहकसेवेचे पर्याय हे सर्कलच्या भाषेत, हिंदीत वा इंग्रजीत असतात. २०२० साली महामारीत प्रत्येक कॉलआधी आरोग्याची सूचना ऐकू येई. सीमाभागातील मराठी म्हाताऱ्यांच्या कानी ती कन्नडमध्ये पडली. आमचे कन्नडशी वैर नाही. पिढ्यान् पिढ्या आम्ही ती बाजारात बोलत आलो आहोत. पण आजार आणि पैसा यांविषयीची सूचना माणसाला त्याच्या सर्वात जवळच्या भाषेत मिळाली पाहिजे. ज्या ग्राहकाला दर बदलल्याचा इंग्रजी निरोप वाचता आला नाही, त्याच्यासाठी तो निरोप आलाच नव्हता. २०१२च्या आमच्या बिलाचेही मूळ काही अंशी तिथेच होते. ‘डेटा रोमिंग’ बंद करण्याचा पर्याय फोनमध्ये होता, पण तो आत्याच्या घरात कोणाला समजेल अशा भाषेत नव्हता.

१९५६च्याच सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी ३५० अ आणि ३५० ब ही कलमे घटनेत आली. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाची लोकसंख्या १५ टक्के वा अधिक असेल, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे तत्त्व पुढे केंद्राने व राज्यांनी मान्य केले. हे तत्त्व कागदी सूचनांच्या काळातले आहे. आज सूचना भिंतीवर नव्हे, फोनवर येते. म्हणून आमची मागणी साधी आहे. भाषेची निवड टॉवरवरून वा सर्कलवरून ठरू नये. ग्राहकाने एकदा निवडलेली भाषा, मग ती मराठी असो, कन्नड असो वा गोव्यातल्या ग्राहकाची कोंकणी असो, त्याच्या कार्डाबरोबर देशभर जावी. बेळगावच्या माणसाला मराठी, सोलापूरच्या माणसाला हवी तर कन्नड, बडोद्याच्या आणि हैदराबादच्या घराला आपापली पसंती. ज्या यंत्रणेला दर सेकंदाचा हिशेब ठेवता येतो, तिला ग्राहकाची भाषा लक्षात ठेवणे अशक्य नाही.

ट्राय आपल्या विचाराधीन प्रश्नांवर मसलतपत्रे प्रसिद्ध करते आणि त्यांवर कोणाही नागरिकाला लेखी मत पाठवता येते. आपण निषेधाचे फलक उत्तम रंगवतो, मिरवणुका शिस्तीने काढतो. अशी मते मात्र आपल्यापैकी किती जण पाठवतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. पुढच्या वेळी अशी संधी आली की आपल्या गावाचे नाव, आपल्या फोनवर येणाऱ्या निरोपांची भाषा आणि आपल्याला हवी असलेली भाषा, एवढ्या तीन गोष्टी लिहून पाठवाव्यात. ज्यांच्या घरी रोमिंगच्या काळातली जुनी बिले अजून असतील त्यांनी ती फेकू नयेत. जुन्या जकातीच्या पावत्यांवरून आपण नाक्यांचा इतिहास लिहितो. या बिलांवरून उद्या कोणाला तरी आपला इतिहास लिहावयाचा आहे.